सोनियाचा उजवा पाय

गुंदच्या खालच्या वाडीतली गिरजा चार वर्षं लागोपाठ जोयडा तालुक्याच्या क्रीडाकुटात, म्हणजे खेळांच्या स्पर्धांत, तीन हजार मीटरला पहिली आली. पाचव्या वर्षी ती मैदानावर होती, पण कडेला, आणि पहिली आली ती तिची चुलत बहीण सोनिया. त्या वर्षाबद्दल बोलताना लोक अजून गिरजाचा गुडघा गेला असं म्हणतात. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं, हे गिरजाला आता माहीत आहे. बाकी जे झालं ते फारसं कुणाला माहीत नाही.

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांचा भात शिजवायचा, त्यांचे हात धुवायचे, दुपारी त्यांना थोपटून झोपवायचं. लग्नाचं बोलणं दोनदा आलं आणि दोनदा मागं पडलं, त्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. तिच्याकडे सकाळचा एक तास होता. उजाडलं की ती डांबरी रस्त्याला लागायची, चढ चढून वरच्या वळणापर्यंत जायची आणि उतारानं परत यायची. सकाळच्या बसचा ड्रायव्हर तिला ओळखून हॉर्न द्यायचा. परतल्यावर चुलीपुढं बसून ती जो चहा प्यायची, तसा चहा तिला दिवसात पुन्हा कधी लागायचा नाही.

सोनिया ह्या तासात आली ती नुसती सोबत म्हणून. एकदा वळणावर गवा रस्ता अडवून उभा राहिला आणि गिरजा अर्धा तास झाडाआड थांबली. त्यानंतर आई तिला एकटीला सोडेना. मग गिरजानं शेजारच्या घरातल्या काकाच्या मुलीला उठवलं. सोनिया आठवीत होती, स्लिपर घालून धावायची आणि पहिल्या चढावरच पोट धरून बसायची. श्वास कसा घ्यायचा, चढावर मान वर करून बघायचं नाही, नाडी कशी बांधायची, हे सगळं गिरजानं तिला शिकवलं. तिला धावपटू करावं असं गिरजाच्या मनातसुद्धा नव्हतं. तिला कोणीतरी मागं हवं होतं एवढंच.

सहा वर्षं सोनिया मागं राहिली. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी, उतारावर, गिरजाच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कोणीतरी तापलेली सुई टोचावी तसं झालं. ती थांबली. सोनिया पुढं गेली, वळून बघितलं आणि परत आली. काय झालं म्हणून विचारताना ती उभ्या जागी पाय हलवत होती, अंग गार पडू नये म्हणून. हेही गिरजानंच तिला शिकवलं होतं. तू हो पुढं, गिरजा म्हणाली, आणि सोनिया खरंच पुढं गेली.

गिरजानं दोन महिने विश्रांती घेतली. आईनं तेल चोळलं. नंदिगड्ड्याच्या एका म्हाताऱ्यानं पाला वाटून बांधायला दिला, तो तिनं बांधला. गुडघ्याला पट्टा घातला. दोन महिन्यांनी धावायला गेली तर दहा मिनिटांत, जवळजवळ त्याच जागी, तीच सुई.

सोनियाचं धावणं थांबलं नव्हतं. आता तिच्या मागून तिचा बाप मोटारसायकल घेऊन जायचा, गव्याच्या भीतीनं. रोज उजाडताना गिरजाच्या अंगणाच्या कडेनं आधी पावलं वाजायची, मग मोटारसायकल. गिरजा अंथरुणात पडून ऐकायची. पावलांवरून तिला कळायचं की पोरगी आज जोरात आहे का आळसावली आहे. एके दिवशी ती उठून दारात उभी राहिली, तर सोनियाच्या पायात गिरजाचेच निळे बूट. आईला विचारलं. आई म्हणाली, पडूनच होते, पोरीला होतील म्हणून दिले. त्या दिवशी अंगणवाडीत गिरजानं एका पोराला विनाकारण दटावलं आणि नंतर त्याला मांडीवर घेऊन बसली.

रामनगरला एक फिजिओथेरपीवाली बाई आहे, हे तिला अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. गुंदहून जोयडा, जोयड्याहून रामनगर, अशा दोन बस करून गिरजा एका शनिवारी गेली. हमरस्त्याला लागून टायरचं दुकान होतं, त्याच्या माडीवर दोन खोल्या. विमल म्याडम खानापूरकडच्या, चाळिशीच्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी गुडघा दाबून बघितला, वाकवला, फिरवला, आणि तो सोडूनच दिला. गिरजाला भिंतीवरच्या मोठ्या आरशापुढं उभं केलं आणि उजव्या पायावर उभी राहा म्हणाल्या.

गिरजा उभी राहिली. यात काय एवढं, असं तिला वाटलं.

"आता कंबरेकडे बघ," विमल म्याडम म्हणाल्या.

आरशात तिची डावी बाजू खाली कलली होती, आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला होता. म्याडमनी समजावून सांगितलं. गुडघा चांगला आहे. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कच्चा आहे, तो कंबर धरून ठेवत नाही. मग प्रत्येक पावलाला सगळा भार मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर येतो आणि तो पट्टा गुडघ्यापाशी घासतो. उतारावर जास्त. नुसत्या विश्रांतीनं दुखणं झोपतं, स्नायू काही वाढत नाही.

गिरजाला राग आला. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन दोन मैल चालणारी ती, आणि तिची कंबर कच्ची. त्यात जे व्यायाम दिले ते बघून तर तिला हसूच आलं. कुशीवर झोपून, टाच भिंतीला लावून, पाय सावकाश वर न्यायचा. पायरीवरून एक पाय हळू खाली टेकवायचा आणि वरचा गुडघा आत वळतो का ते बघायचं. पायांना रबरी पट्टा अडकवून खेकड्यासारखं आडवं चालायचं. दिवसातून दोनदा. धावायचं अजिबात नाही.

त्याच खोलीत दुसऱ्या पलंगावर शंकरमामा असायचे. रामनगरचेच, गोव्याच्या रस्त्यावर तीस वर्षं ट्रक चालवलेले. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. बायको त्यांना धरून जिना चढवायची. त्यांना डाव्या पायाचा चवडा जमिनीवरून उचलायला शिकवत होते. दुसऱ्या शनिवारी तो चवडा बोटभर उचलला गेला, तेव्हा विमल म्याडमनी टाळ्या वाजवल्या आणि खालच्या टायरवाल्यालासुद्धा हाक मारून सांगितलं. गिरजा पट्टा पायात अडकवून भिंतीशी उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. साठीच्या, तोंड वाकडं झालेल्या माणसाचा आपल्याला हेवा वाटतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिला लाज वाटली. पण त्यानं हेवा कमी झाला नाही.

पहिले तीन आठवडे तिनं व्यायाम केलेच नाहीत. करते म्हणून सांगितलं. विमल म्याडमनी तिला पुन्हा एका पायावर उभं केलं, बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"न्हाई केलंस," त्या तिच्याच बोलीत म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मग शंकरमामांकडे वळल्या.

शंकरमामा त्या शनिवारी वॉकर सोडून काठीवर आले होते. तेवढं गिरजाला पुरलं. ट्रकवाला काठीवर आला आणि आपण अजून भिंतीशीच, ह्या जळफळाटात तिनं दुसऱ्या दिवसापासून व्यायाम धरला तो सोडला नाही. अंगणवाडीच्या पायरीवर, पोरं झोपली की, ती हळू हळू एक पाय खाली टेकवायची. पंधरा वेळा ह्या पायानं, पंधरा वेळा त्या. पंधरवड्यानं कुल्ल्याच्या बाजूला अशा जागी दुखायला लागलं जिथं आजवर तिला काही आहे असंच कळलं नव्हतं. म्याडम म्हणाल्या, आता तो जागा झाला.

ऑगस्टमध्ये तिला धावायची परवानगी मिळाली. चार मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं, असं सहा वेळा. दुखलं तर दहापैकी किती ते सांगायचं, तीनपर्यंत चालेल, त्यापुढं थांबायचं. म्याडमनी माडीमागच्या गल्लीत तिला धावायला लावून मोबाइलवर मागून चित्रण केलं आणि सावकाश करून दाखवलं. पाऊल टेकतं कुठं, कंबर कलते कधी, गुडघा कुठं जातो. पावलं लहान टाक, जलद टाक, मिनिटाला दहा पावलं जास्त, असं सांगितलं. गिरजानं ते चित्रण पुन्हा पुन्हा मागून बघितलं. त्या दिवसापासून तिचे डोळेच बदलले. बसस्टँडवर उभी राहिली की येणाऱ्या-जाणाऱ्याची कंबर बघायची. हा डावीकडे कलतो, ही टाच आपटते.

अशाच एका सकाळी, पाऊस उघडलेला, ती अंगणात भांडी घासत होती आणि सोनिया समोरून गेली. गिरजानं मागून बघितलं. उजवा पाय टेकला की डावी कंबर खाली. उजवा गुडघा आत. पुन्हा उजवा, पुन्हा खाली. मोबाइलवर स्वतःला बघितलं होतं, तस्संच.

तिला पहिल्यांदा जे वाटलं ते तिनं पुढं फक्त एकदाच कुणाला तरी सांगितलं. तिला आनंद झाला. पोरीचंही जाणार, फार दिवस नाहीत, असं मनात आलं आणि हातातलं पातेलं तिनं नेहमीपेक्षा लखलखीत घासलं.

त्याच आठवड्यात सोनिया स्वतःहून घरी आली. तालुक्याचं क्रीडाकूट महिन्यावर आलं होतं. ती ओट्यावर बसली, गिरजाच्या आईनं दिलेला चहा प्याली आणि म्हणाली, "अक्का, तू रामनगरला शिकलीस न्हवं. एकदा माझं धावणं बघ की. काय चुकतंय काय सांग."

"बघितलंय मी," गिरजा म्हणाली. "चांगलं हाय."

पुढच्या शनिवारी विमल म्याडमनी सहज विचारलं, तुमच्याकडे अजून कोण मुली धावतात का, त्यांनाही एकदा घेऊन ये, आधीच बघितलेलं बरं. गिरजा म्हणाली, कोण न्हाई. शंकरमामा खिडकीपाशी काठी न घेता उभे होते. त्यांना गिरजाच्या गावची माहिती नव्हती, तरी त्यांनी वळून आपल्याकडे बघितलं असं तिला वाटलं.

सप्टेंबरात जोयड्याला क्रीडाकूट झालं. गिरजा गेली, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. सोनिया पहिल्या फेरीपासून पुढं होती आणि शेवटी तिच्या मागं अर्धी फेरी कोणी नव्हतं. वेळ सांगितली तेव्हा ती गिरजाच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा चार सेकंदांनी कमी निघाली. चार सेकंद. ओळखीचे लोक येऊन गिरजाचा हात दाबत होते, तुझीच चेली की, म्हणत होते. गिरजानं टाळ्या वाजवल्या, हसली, दोघातिघांना हो म्हणाली. मग पाणी प्यायला ड्रमपाशी गेली तर ड्रमच्या पलीकडे सोनिया वाकून उभी होती. दोन्ही अंगठ्यांनी ती उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दाबत होती.

कारवारला होणाऱ्या जिल्ह्याच्या स्पर्धेला दहा दिवस होते. त्या संध्याकाळी गिरजानं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणंदीत सोनियाला गाठून तिनं सांगितलं की तुझा गुडघा बाहेरच्या अंगाला दुखतोय, कारवारला धावू नकोस, आधी माझ्याबरोबर रामनगरला चल.

सोनियानं मान हलवली. दुखत न्हाई म्हणाली. गिरजा म्हणाली, मी बघितलंय. तेव्हा सोनियाचा चेहरा बदलला.

"तुला मी पुढं गेलेली बघवत न्हाई, अक्का. चार सेकंद काढलं म्हणून आता हे काढलंस व्हय?"

सोनिया जे बोलली ते खरं होतं, आणि गिरजानं सांगितलं तेही खरं होतं, आणि दोन्ही एकदम सोनियाला पटवून देणं तिला जमणारं नव्हतं. सोनियाच्या आईपर्यंत ते गेलं. दोन घरांच्या मधला बांध ओलांडून रोज मिरची-मीठ ये-जा करायचं ते थांबलं.

कारवारला सोनिया पाचव्या फेरीत लंगडायला लागली आणि सहाव्या फेरीत मैदानातून बाहेर आली. फोन गिरजाच्या बापाला, येसाजीला आला. तो ओट्यावरून मोठ्यानं सांगत होता, पोरगी बसली, पाय टेकवेना म्हणतात. गिरजा आत भात उपसत होती. तिला बरं वाटलं. भात निथळेपर्यंत तिला चांगलं बरं वाटलं. मग ते गेलं, आणि त्या जागी ओट्यावर चहा पिऊन काय चुकतंय सांग म्हणणारी सोनिया आली आणि हलेना.

दोन दिवसांनी ती बांध ओलांडून गेली. सोनिया पडवीत पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला पट्टा होता, बहुधा गिरजाचाच जुना. सोनियाची आई उठून आत गेली, तिनं बस म्हटलं नाही. गिरजा उभीच राहिली.

"ऑगस्टातच दिसलं हुतं मला," ती म्हणाली. "तू विचारायला आलीस तवा मला म्हाईत हुतं. तरी चांगलं हाय म्हणून सांगितलं."

सोनियानं गुडघ्यावरचा पट्टा सैल केला. मग म्हणाली, "का?"

"तुझा पाय जावा वाटत हुतं. दिसलं तवा आनंद झाला मला."

ती रडली नाही, सोनियाही रडली नाही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. सोनिया म्हणाली, रामनगरला जाईन मी, पण तुझ्यासंगं न्हाई. गिरजा बरं म्हणाली आणि परत आली.

शनिवारी एकच बस होती. सोनिया पुढं बायकांच्या बाकावर बसली, गिरजा मागं. जोयड्याला उतरून दुसरी बस धरली तेव्हाही तशाच. माडीवर सोनिया आधी चढली, एकेक पायरी. विमल म्याडमनी तिला आरशापुढं उभं केलं, बघितलं, आणि मग गिरजाकडे बघितलं.

"कोण न्हाई म्हणाली होतीस."

"खोटं बोलले," गिरजा म्हणाली. शंकरमामा आता पलंगावर नव्हते. ते आठवड्यापूर्वीच आपल्या पायांनी जिना उतरून गेले होते आणि पुन्हा यायची गरज नाही असं त्यांना सांगितलं होतं. त्याचाही गिरजाला थोडा हेवा वाटला.

सोनियानं व्यायाम पहिल्या दिवसापासून केले. धावायची परवानगी मिळायला गिरजाला जवळजवळ चार महिने लागले होते, ती तिला सात आठवड्यांत मिळाली. पायरीवरून पाय टेकवताना तिचा गुडघा असा सरळ राहायचा की विमल म्याडमनी दुसऱ्या एका पेशंटला तिच्याकडे बघायला सांगितलं. गिरजाच्या वेळेला त्यांनी असं कुणाला सांगितलं नव्हतं. परतताना बसमध्ये गिरजा हे मोजत बसली. दोघी आता एका बाकावर बसत होत्या, कारण गर्दी होती. बोलणं बेताचं होतं. किती वेळा केलंस, पंधरा, दुखलं का, एक, दहापैकी एक.

बांधावरून मीठ-मिरची पुन्हा ये-जा करायला लागायला शिमगा उजाडला. सोनियाच्या आईनं गिरजाला माफ केलं असं नाही. तिनं एवढंच केलं की एक दिवस फणसाची भाजी वाटीत घालून बांधावर ठेवली आणि गिरजाच्या आईला हाक मारली.

पुढच्या सप्टेंबरात दोघी जोयड्याला धावल्या. सोनिया पहिली आली. गिरजा तिसरी आली, नंदिगड्ड्याच्या एका अठरा वर्षांच्या पोरीच्या मागं. गुडघा दुखला नाही. साडेसात फेऱ्या तिनं आपल्याच कंबरेकडे लक्ष ठेवून काढल्या आणि शेवटची रेघ ओलांडल्यावर पहिल्यांदा सोनियाकडे बघितलं, ती पाणी पीत होती, सरळ उभी राहून. ह्या खेपेला सोनिया कारवारहून पदक घेऊन आली, दुसऱ्या नंबरचं. वाडीत तिचा सत्कार झाला. गिरजानं खुर्च्या मांडल्या आणि फोटोच्या वेळी आत भांडी विसळायला गेली.

आता सकाळी दोघी पुन्हा एकत्र निघतात. मोटारसायकल बंद झाली आहे. चढावर सोनिया पुढं जाते आणि उतारावर आणखी पुढं. गिरजा वीस-पंचवीस पावलं मागं असते आणि तिला समोर तीच कंबर दिसत राहते. पोरगी दमली की शेवटच्या अर्ध्या मैलात उजवा पाय टेकताना ती कंबर अजून थोडी कलते. तेव्हा गिरजा मागून ओरडते, "कंबर!" सोनिया वळत नाही. कंबर सरळ होते, पावलं लहान आणि जलद होतात, आणि दोघींमधलं अंतर आणखी वाढतं.

काही दिवशी गिरजा हाक मारायला थोडा उशीर करते. चार पावलं, पाच पावलं. मग मारते.